विषय: गणपतीची शिल्लक आणि सिमांजिरोची बोअर

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीतून यंदा बरी शिल्लक राहिली आहे. त्यातून इथल्या, टांझानियातल्या सिमांजिरो जिल्ह्यात, गुरं पाळणाऱ्या मासाई समाजाच्या एखाद्या गावात मंडळाच्या नावाने बोअर मारून द्यावी, असं कार्यकारिणीत निघालं. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.
– खजिनदार

काका, नमस्कार.
माझी हरकत आहे. पाणी द्यायला नाही, जागा आपण ठरवायला. तिथली गुरं पावसाळ्यात एकीकडे चरतात, कोरड्या महिन्यांत दुसरीकडे. राखीव कुरणात बारमाही पाणी आलं की कळप तिथून हलत नाहीत आणि अडीअडचणीचं गवत आधीच संपतं. हे गावाला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. म्हणून पैसे त्यांच्याच संस्थेला द्यावेत.

उजामा कम्युनिटी रिसोर्स टीम ही अशी संस्था इथे अरुशा शहरातच आहे. तिचे एडवर्ड लोउरे स्वतः सिमांजिरोचे मासाई. 1970 मध्ये तरांगिरे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांच्या घरच्यांना जमीन सोडावी लागली होती. 1999 च्या ग्रामजमीन कायद्याचा आधार घेऊन, एकेकट्याच्या नव्हे तर अख्ख्या समाजाच्या नावाने गायरानाचा दाखला काढायचा, हे काम या संस्थेने लावून धरलं. लोउरेंना 2016 मध्ये गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळालं ते यासाठीच. दोन लाख एकरांवर जमीन अशी सुरक्षित झाली, एकट्यादुकट्याला ती परस्पर विकता येत नाही.

पण दाखल्यासाठी ग्रामसभा भरवावी लागते, शेजारच्या गावाशी हद्द कबूल करून घ्यावी लागते, मोजणी आणि नकाशा करावा लागतो. या खर्चावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. आपण तोच उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

ताई,
पटतंय. पण उत्तरेकडे सेरेंगेटीशेजारच्या लोलिओंदोत मासाई गावं रीतसर नोंदलेली होती, तरी जून 2022 मध्ये सरकारने राखीव वन्यजीव क्षेत्रासाठी 1,500 चौरस किलोमीटरवर हद्दीचे खांब रोवलेच ना? मग कागदाचा उपयोग काय?
– खजिनदार

काका,
खरंय, कागद पुरेसा नाही. पण कागद होता म्हणूनच तिथली चार गावं 2017 मध्ये सरकारविरुद्ध पूर्व आफ्रिकी न्यायालयात उभी राहू शकली. 2022 मध्ये निकाल विरोधात गेला, तरी माणसं पांगली नाहीत. त्याच भागात पास्टोरल विमेन्स काउन्सिल 1997 पासून मासाई बायकांचे गट बांधते आहे. अशा बचतगटांत पैशाच्या पेटीला तीन कुलपं असतात आणि किल्ल्या तिघींकडे, म्हणजे नवऱ्याला एकीकडूनच पैसे काढून नेता येत नाहीत. अशा गटातली बाई ग्रामसभेत जमिनीवर बोलायला उठते.

रविवारच्या बैठकीत दोन्ही संस्थांची नावं ठेवा. मी बुधवारी उजामाच्या कचेरीत जाऊन एका गावाच्या मोजणीला किती खर्च येतो ते विचारून येते.