बॉन्झो डॉग डू-डा बँड : तुम्हाला कुठे भेटले, काय आवडलं?

मंडळी, बीटल्स आणि माँटी पायथन या ब्रिटिश विनोदवीरांच्या टोळीवर आपल्याकडे तासन्‌तास गप्पा होतात, पण त्या दोघांनाही जवळची असलेली ही येडी टोळी कायम राहून जाते, म्हणून हा धागा. थोडी ओळख करून देतो. १९६२ च्या सुमारास लंडनमधली आर्ट कॉलेजची पोरं जमली. बॉन्झो हा १९२० च्या दशकातला जॉर्ज स्टडीच्या चित्रांमधला कुत्रा, त्याला जोडला दादावाद या तर्काची खिल्ली उडवणाऱ्या कलाचळवळीतला 'दादा', आणि ते प्रत्येकाला समजावून सांगायचा कंटाळा आला तेव्हा त्याचं डू-डा केलं. पबमध्ये जुनी जॅझ गाणी वाजवायचे. मग १९६६ मध्ये 'विंचेस्टर कथीड्रल' हे तसल्याच थाटाचं गाणं गाजलं, ते स्टुडिओतल्या वादकांनी वाजवलेलं त्यामुळे दौऱ्यांसाठी खराखुरा बँड उभा करावा लागला, यांच्यातला बॉब कर तिकडे गेला आणि यांचाच अवतार टीव्हीवर दुसऱ्यांच्या नावानं दिसायला लागला. मग हे रॉककडे वळले आणि स्वतःची गाणी लिहू लागले. माझ्या मते तो फटका बसला म्हणूनच 'गोरिला' (१९६७) हा अल्बम झाला. आता तुम्ही लिहा, मोठं लिहा.

*

छान धागा! मी बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या फिल्ममधून आले. त्यात एका क्लबात बॉन्झोंचा गायक व्हिव्हियन स्टॅनशॉल एल्व्हिसच्या ढंगात 'डेथ कॅब फॉर क्यूटी' गातो ना, तेच. पुढे त्याच नावाचा अमेरिकन बँड निघाला. मी आधी तो अमेरिकन बँडच ऐकत होते, गाणं खूप नंतर सापडलं, त्या दिवशी घरात सगळ्यांना बसवून दाखवलं.

*

मी लेस्टरला असतो. माझा इथला एक वयस्क सहकारी लहानपणी 'डू नॉट ॲडजस्ट युअर सेट' बघायचा, १९६७ ते ६९ चा मुलांचा कार्यक्रम, त्यात पुढे माँटी पायथनमध्ये गेलेले एरिक आयडल, टेरी जोन्स, मायकेल पेलिन आणि गाण्याला हे बॉन्झो. तो सांगतो की शाळेतून धावत घरी यायचो. बँडमधल्या रॉजर रस्किन स्पिअरचे रोबो आणि धूर सोडणारी यंत्रं आठवली की आजही त्याचा चेहरा खुलतो. पँटला कडक घडी पाडायचं यंत्र असतं ना, 'ट्राउझर प्रेस' या गाण्यात स्पिअरनं त्याला माइक लावून वाद्य केलं होतं! त्या गाण्यावरून अमेरिकेत 'ट्राउझर प्रेस' नावाचं संगीताचं मासिक निघालं.

*

मुंबईकर. मी चोर बाजारातून मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवतो, म्हणून मला हे लोक आपले वाटतात. तेही लंडनच्या जुन्या बाजारांतून असल्याच तबकड्या उचलायचे, त्यातली विसरलेली गाणी बसवायचे. आपल्या देशावरचं एक आहे, 'हंटिंग टायगर्स आउट इन इंडिया', 'टॅडपोल्स' (१९६९) वर. त्यात फजिती वाघाची नाही, बढाया मारणाऱ्या शिकारी साहेबाची आहे. आणि त्यांना ती जुनी गाणी मनापासून आवडायची हो, ते वाजवण्यातून कळतं, नुसती टर उडवायची असती तर एवढ्या निगुतीनं कोण बसवेल?

*

अगदी अगदी! मी गिटार शिकवते. 'कॅनियन्स ऑफ युअर माइंड'मधला बँडच्या नील इनेसचा गिटार सोलो ऐका, इतका हुकमी बेसूर की हसून पोट दुखतं, आणि तसं वाजवायला हातात आधी सूर पक्का लागतो. माझी आवडती गोष्ट मात्र 'आय ॲम द अर्बन स्पेसमन'ची (१९६८). गाणं इनेसचं, प्रोड्यूस केलं पॉल मॅकार्टनीनं, अपोलो सी. व्हरमथ असं खोटं नाव लावून. इनेस सांगायचा की स्टॅनशॉलला त्यात रबरी नळी वाजवायची होती, एका टोकाला ट्रम्पेटचं तोंड, दुसऱ्याला प्लास्टिकचं नरसाळं, आणि वाजवताना ती डोक्यावर गरागरा फिरवायची. हे रेकॉर्ड होणार नाही असं त्याला सांगितलं गेलं. पॉल म्हणाला, खोलीच्या चार कोपऱ्यांत माइक ठेवा, होईल. गाणं ब्रिटनमध्ये ५ व्या नंबरवर गेलं.

*

स्टॅनशॉलबद्दल लिहायलाच हवं. माइक ओल्डफिल्डच्या 'ट्युब्युलर बेल्स' या अल्बममध्ये (१९७३) एकेका वाद्याचं नाव घेणारा तो भारदस्त आवाज त्याचा. बॉन्झोंच्या 'दि इंट्रो अँड दि आउट्रो'मध्ये तो अशीच वादकांची ओळख करून देतो, आधी खरे बँडवाले, मग हळूच झायलोफोनवर हॉलिवुडचा जॉन वेन, अकॉर्डियनवर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल. दारू आणि गुंगीच्या गोळ्यांनी त्याला फार छळलं. १९९५ च्या मार्चमध्ये लंडनच्या मसवेल हिलमधल्या त्याच्या घराला आग लागली, त्यात गेला. मला अजून त्रास होतो त्याचा, इतका भाषेवर हुकमत असलेला माणूस.

*

२००६ ला लंडनच्या ॲस्टोरिया या नाट्यगृहात बँडच्या पुनर्मीलनाचा कार्यक्रम झाला तेव्हा नशिबानं तिथेच शिकत होतो. व्हिव्हियनची जागा एकट्यानं भरणं शक्यच नव्हतं, म्हणून स्टीफन फ्राय, एड एडमंडसन, फिल ज्युपिटस, पॉल मर्टन अशी विनोदी मंडळी आळीपाळीनं यायची. इनेस त्या सगळ्यांत शांत, पियानोवर. तोही २०१९ च्या डिसेंबरात गेला. ॲस्टोरिया तर क्रॉसरेल या रेल्वेमार्गासाठी पाडलं.

*

सगळं वाचतोय, भारी लिहिताय. ज्यांनी काहीच ऐकलं नाही त्यांनी 'गोरिला'पासून सुरू करा, मग १९६९ चं 'केन्शम', आणि तेही हेडफोन लावून, कारण मागे कोण काय बडबडतंय त्यात निम्मी मजा आहे. ऐकलंत की इथे येऊन लिहा. बँडचा ड्रमर 'लेग्ज' लॅरी स्मिथवर अजून कुणीच लिहिलं नाहीये, जॉर्ज हॅरिसननं त्याच्यावर गाणं केलंय राव, कुणीतरी घ्या मनावर!