फॅण्टसीतली माणसं आपल्यासारखीच बोलू लागली तर

अवकाळी:
फॅण्टसी लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ साली फॅण्टसीच्या शैलीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी कॅथरिन कर्ट्झ यांच्या एका फॅण्टसी कादंबरीतला राजदरबारी संवाद घेतला, मोजकी नावं बदलली आणि तोच उतारा वॉशिंग्टनच्या राजकारणावरच्या कादंबरीतही बिनबोभाट खपेल, हे दाखवून दिलं. त्यांचं म्हणणं असं, की इतर कादंबऱ्यांना आधाराला एक तयार जग असतं. फॅण्टसीत शब्दांपलीकडे काहीच नसतं. भाषा कोसळली की ते जगही कोसळतं.

मला हे शंभर टक्के पटतं. हल्लीच्या फॅण्टसी कादंबऱ्यांत किल्ले आहेत, ड्रॅगन आहेत, नकाशेही आहेत; पण राणी, सैनिक आणि हजार वर्षांचा जादूगार एकाच सुरात बोलतात. आता टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'मधली एल्रॉन्डची सभा बघा, शत्रूच्या जादुई अंगठीचं काय करायचं हे ठरवणारी. ग्लोइन हा बुटका सांगतो, की शत्रूचा दूत उत्तरासाठी घाई करू लागला तेव्हा बुटक्यांचा राजा डाइनने त्याला सुनावलं, माझ्या विचाराचा वेळ कसा घालवायचा ते मी बघेन. शब्द मोजके, खडकासारखे. त्याच सभेत जादूगार गॅण्डाल्फ दुसऱ्या एका जादूगाराचं, सरुमानचं बोलणं ऐकवतो: उद्दिष्टं तीच राहतील, बदलतील ती फक्त साधनं. माणूस फितूर झालाय हे त्याच्या वाक्यांच्या गुळगुळीतपणातूनच कळतं. टॉम शिपी या अभ्यासकाने या प्रकरणातल्या बोलींचा फार बारकाईने विचार केलाय. हे कसब आज कुठे दिसतं?

किल्लेदार:
साफ असहमत. भारदस्त भाषा पुष्कळदा रक्त झाकायच्या कामी येते. फॅण्टसी लेखक मायकल मूरकॉक यांनी १९७८ मध्येच टोल्किनच्या गद्यावर हा आक्षेप घेतला होता, की ते लहान मुलांना थोपटून निजवणारं, दिलासा देणारं गद्य आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या फॅण्टसी मालिकेचा पहिला खंड 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) काढा आणि सान्सा या सरदारकन्येचं राजधानीतल्या स्पर्धेचं प्रकरण वाचा. ही मुलगी सरदारांच्या शौर्यगीतांवर वाढलेली. तिच्या डोळ्यांसमोर एका कोवळ्या सरदाराच्या गळ्यात भाला घुसतो, अंगावरच्या निळ्या वस्त्रावरच्या चंद्रकोरी रक्तात बुडतात. शेजारची मैत्रीण हमसून रडते. सान्सा रडत नाही. याच्यावर कुणी गाणं रचणार नाही, एवढंच तिच्या मनात येतं आणि तिला वाईट वाटतं. वाक्यं साधी, आखूड. तुम्हाला हवी असलेली उदात्त शैली तिथे त्या मुलीच्या डोक्यात आहे, आणि लेखक ती आपल्यादेखत तडकवतो. साध्या भाषेशिवाय हे जमलंच नसतं.

२०१४ च्या एका मुलाखतीत मार्टिन यांनी विचारलं होतं, टोल्किनच्या कथेत शेवटी राजा होणाऱ्या ॲरागॉर्नचं करधोरण काय होतं? युद्धानंतर ऑर्कांचं, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांचं, त्यांच्या पाळण्यातल्या पोरांचं काय झालं? याचं उत्तर टोल्किनची भाषा देत नाही.

अवकाळी:
सान्साचा प्रसंग ताकदीचा आहे, वादच नाही. पण 'दिलासा' हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. टोल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होते. त्यांचा नायक फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो, जी नष्ट करायला निघाला तीच अंगठी माझी म्हणतो. घरी परततो, पण जखम काही भरत नाही. कीरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्यांवरचा, अंगठीच्या हव्यासाने पोखरलेला गॉलम आठवा. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम झोपलेत, गॉलम फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच हात लावतो, क्षणभर नुसता एक थकलेला म्हातारा दिसतो. तेवढ्यात सॅम जागा होतो, त्याच्यावर खेकसतो, आणि ती वेळ कायमची निघून जाते. यात थोपटणं कुठे आहे?

सांजफुला:
ले ग्विन यांचा दाखला देताय तर त्यांचा पुढचा प्रवासही बघायला हवा. त्यांच्या अर्थसी या फॅण्टसी मालिकेच्या पहिल्या तीन पुस्तकांची भाषा उंच, जुन्या आख्यानांसारखी. पहिल्या पुस्तकात (१९६८) गॉण्ट बेटावरची एक म्हण येते: बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. त्या गंभीर लयीत ती म्हण बिनविरोध निघून जाते.

मग १९९० साली चौथं पुस्तक आलं. आधीच्या पुस्तकातली पुजारीण टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे, पदरात एक भाजलेली मुलगी आहे, मालिकेचा नायक असलेल्या जादूगार गेडची जादू संपलीय. भाषा चुलीपाशी येऊन बसते. शेळ्या, धुणीभांडी, दाराला अडसर नीट लागलाय का ही रात्रीची धास्ती. आणि इथे ती जुनी म्हण पहिल्यांदा तपासली जाते. त्या उंच सुराने कुणाचा आवाज दाबला होता, हे स्वतः लेखिकेलाच दिसलं असं मला ठामपणे वाटतं. म्हणून शैलीचा प्रश्न सत्तेपासून तोडता येणार नाही.

तळटीप:
एन. के. जेमिसिन यांचं २०१५ चं 'द फिफ्थ सीझन' हे पुस्तकही यात यायला हवं. मारल्या गेलेल्या मुलावर आई पांघरूण घालते, फक्त चेहरा उघडा ठेवते, कारण त्याला अंधाराची भीती वाटते. भाषा आजची, निवेदन 'तू' म्हणून थेट त्या आईशी बोलणारं. ना आख्यानाचा थाट, ना दरबारी बोली, तरी हे जग दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत खपणार नाही. हा पहिला भाग असलेल्या मालिकेच्या तिन्ही भागांना ओळीने ह्यूगो हा विज्ञानकथा-फॅण्टसीतला मानाचा पुरस्कार मिळाला. मग हल्ली कसब दिसत नाही, हे कसं मानायचं?

अवकाळी:
जेमिसिन मान्य, आणि सांजफुला यांच्या म्हणीच्या मुद्द्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. माझा राग सपाट भाषेवर आहे, साध्या भाषेवर नाही.

किल्लेदार:
तरी मूळ कसोटीच मला पटत नाही. दरबारातलं कारस्थान वॉशिंग्टनसारखं ऐकू आलं तर बिघडलं कुठे? सत्ता सगळीकडे असंच बोलते. तुमचा सरुमान आजच्या पुढाऱ्यासारखा बोलतो म्हणूनच तर अंगावर येतो.

अवकाळी:
तो अंगावर येतो, कारण त्या सभेत डाइनचे शब्दही ऐकू येतात. सगळेच सरुमानसारखे बोलायला लागले तर फितूर ओळखायचा कसा?