पुस्तकांची दुकाने आणि तिथली माणसे: आपले अनुभव लिहावेत

पारंबी
गेल्या रविवारी बाबांचे कपाट आवरताना एका जाड कोशातून पिवळी पडलेली पावती खाली पडली. तिच्यावर ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ हे नाव, १९८६ सालातली तारीख आणि छापील किमतीतून वजा केलेले वीस टक्के एवढेच वाचता आले. तरी ती हातात धरून मी बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले.

बाबा फोर्टमधल्या एका बँकेत कारकून होते. पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी बँक दुपारी सुटली की आई मला बोरीबंदरला घेऊन येई आणि आम्ही तिघे फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या त्या अरुंद दुकानात जात असू. बाबा तिथे तास-दीड तास उभ्याने वाचत आणि पुष्कळदा काहीही न घेता बाहेर पडत, पण त्यांना कधी कुणी हटकल्याचे मला आठवत नाही. मालक टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात लहानशा जागेत पुस्तके विकायला सुरुवात केली होती. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तके चाळताना त्यांना हटकले गेले होते, म्हणून आपल्या दुकानात कुणालाही मनसोक्त चाळता आले पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. वाचताक्षणी बाबांची ती उभी मूर्ती डोळ्यांपुढे आली. शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये ते गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान बंद झाले. शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले होते. बाबा ज्या कोपऱ्यात उभे राहत तिथली फळी रिकामी झालेली होती.

आपापल्या गावातल्या दुकानाविषयी, तिथे भेटलेल्या माणसांविषयी, तिथे झालेल्या वाचनांविषयी किंवा प्रकाशनांविषयी कृपया लिहावे. ज्यांनी स्वतः पुस्तके विकली आहेत त्यांनी तर अवश्य लिहावे.

सुतळी
मी अप्पा बळवंत चौकातला. दहावीनंतरच्या सुट्टीत तिथल्या एका दुकानात काउंटरमागे उभा राहिलो आणि पुढची चार वर्षे दर उन्हाळ्यात तिथेच होतो. जूनमध्ये त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, हे पुणेकरांना सांगायला नको. इयत्तेप्रमाणे संच आदल्या रात्रीच बांधून ठेवायचे, त्यावर खडूने इयत्ता आणि माध्यम लिहायचे, सकाळी शटर वर गेले की फक्त हात चालवायचे, असे ते काम असे. सुतळीची गाठ एका हाताने मारायला मला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत दोन्ही तर्जन्या सोलवटून निघाल्या.

मात्र मला लिहायचे आहे ते मागच्या खोलीविषयी. जून-जुलैत पाठ्यपुस्तकांवर आणि गाईडांवर जे मिळे, त्यावर वर्षभर मागच्या खोलीतले कवितासंग्रह, समीक्षा आणि नाटके उभी असत. मालक हे उघडपणे सांगत आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. कवितेचा एखादा संग्रह तीन-तीन वर्षे फळीवर राही. मी एकदा विचारले की हा परत का पाठवत नाही. त्यांनी संग्रह काढून त्याची धूळ पुसली, पुन्हा जागेवर ठेवला आणि म्हणाले, “याचा माणूस अजून आलेला नाही.” पुढे त्या संग्रहाचा माणूस खरोखरच आला. तो मिरजेहून आला होता आणि त्याने तो सबंध शहरात शोधला होता.

दुकानातला एक नियम कडक होता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचे नाही, ‘मागवून देतो’ म्हणायचे. मग मला सायकलवर नारायण पेठेत किंवा सदाशिव पेठेत प्रकाशकाच्या कचेरीत पिटाळले जाई आणि एका प्रतीसाठी मी चलन घेऊन येई. एका प्रतीवरची कमाई माझ्या त्या फेरीच्या चहातच संपत असेल, हे मला हिशेब कळू लागल्यावर उमगले.

मोगरा
सुतळी, “याचा माणूस अजून आलेला नाही” हे वाक्य वाचून कुकर बंद करायचे राहून गेले. पुन्हा येऊन सविस्तर लिहिते.

गंगाखेडकर
आमच्या गावात पुस्तकांचे दुकान नव्हतेच, तरीही माझ्या लहानपणी एक दुकान होते, असे मी म्हणेन. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांच्याकडे ‘ललित’ मासिक येत असे. गिरगावच्या मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी ते १९६४ मध्ये सुरू केले आणि नव्या पुस्तकांची माहिती हाच त्याचा मुख्य विषय होता. वडील त्यातल्या नावांवर पेन्सिलीने खुणा करत, महिनाभर विचार करून त्यांतल्या बहुतेक खोडत आणि उरलेले एखादे पुस्तक व्ही.पी.ने मागवत. पोस्टमन पार्सल दाखवी, पण पैसे दिल्याखेरीज ते हातात देत नसे. एकदा पार्सल आले तेव्हा घरात पुरेसे पैसे नव्हते. पोस्टमनने ते परत न पाठवता सात दिवस कचेरीत राखून ठेवले आणि आम्ही भावंडे रोज शाळेतून येताना खिडकीतून ते पाहून येत असू.

मॅजेस्टिकचे गिरगावातले दुकान मी प्रत्यक्ष पाहिले ते नोकरीसाठी मुंबईत आल्यावर. ज्या पत्त्यावर वडिलांनी इतकी वर्षे पत्रे लिहिली तो पत्ता पाटीवर वाचताना मला फार भरून आले. मी आत जाऊन एक पुस्तक घेतले आणि ते वडिलांच्या नावे गावी पाठवायला सांगितले. काउंटरवरच्या गृहस्थांनी गावाचे नाव ऐकून, “तिकडे पार्सल जायला पाच-सहा दिवस धरा,” असे सांगितले, आणि ते अगदी बरोबर होते.

चौथी घंटा
दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या गल्लीतले आयडियल अनेकांना ठाऊक असेल. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’चे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग होऊ लागले. माझी पिढी त्यांच्या अखेरच्या काळातली. आम्ही प्रयोगाच्या तासभर आधी येत असू, दुकानात जाऊन नाटकांच्या संहिता चाळत असू आणि मग वर जात असू. मी पाठांतर केलेली पहिली संहिता तिथूनच आणली होती. नाटकाची पुस्तके कमी खपतात, हे विक्रेते नेहमी सांगतात. परंतु एक प्रत घेऊन आठ जण तालीम करतात, हा हिशेब त्यात धरलेला नसतो. गावोगावच्या स्पर्धेतल्या संघांना संहिता मिळणे किती कठीण असे, हे ज्यांनी हस्तलिखित प्रती काढल्या त्यांनाच कळेल.

पारंबी
चौथी घंटा, आम्हीही एकांकिकेच्या कार्बन प्रती काढल्या आहेत. चौथी प्रत वाचताच येत नसे आणि ती नेहमी सर्वांत लहान भूमिका करणाऱ्याच्या वाट्याला येई.

शटर
मी २२ वर्षे पुस्तके विकली. आमचे तालुक्याचे गाव कोकणात आहे. १९९४ मध्ये एस.टी. स्थानकासमोर दहा बाय बाराचा गाळा घेतला आणि २०१६ मध्ये तो सोडला. इथे दुकानांविषयी जिव्हाळ्याने लिहिले जात आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसते तेही लिहावेसे वाटते.

मला प्रकाशकांकडून साधारण तीस ते पस्तीस टक्के सूट मिळे. त्यातून गिऱ्हाइकाला दहा टक्के द्यावे लागत, पुण्या-मुंबईहून गठ्ठा आणण्याचे भाडे जाई, गाळ्याचे भाडे, वीज आणि एका मुलाचा पगार जाई. पावसाळ्यात कोकणात कागद ओल धरतो, तेव्हा जून ते सप्टेंबर खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवाव्या लागत आणि वरच्या पुस्तकांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवूनही काही प्रती कसर खाई. तो तोटा कुणी भरून देत नाही. दिवाळी अंक हा आमचा खरा हंगाम. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या माणसाने माझ्यासारख्या कितीतरी विक्रेत्यांचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सांभाळले, असे मी मनापासून मानतो. न खपलेले बरेचसे अंक मात्र आमच्याच गळ्यात राहत, म्हणून कोणता अंक किती मागवायचा हे ठरवताना मला रात्रीची झोप लागत नसे.

दुकान बंद होण्यास ऑनलाइन सवलत कारणीभूत होती, असे लोक मला सांत्वन म्हणून सांगतात. ते अर्धेच खरे आहे. एका संस्थेने ग्रंथालयासाठी माझ्याकडून मोठी खरेदी केली आणि पैसे अडीच वर्षांनी, तेही हप्त्याहप्त्याने दिले. मधल्या काळात प्रकाशकांची देणी फेडण्यासाठी मी पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या. लहान दुकान गिऱ्हाइके कमी झाल्याने जितके मरते, तितकेच ते अडकलेल्या उधारीने मरते.

परंतु तोट्याविषयीच लिहून थांबणे माझ्या दुकानावर अन्यायाचे होईल. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दुकानातच एका कवीचे वाचन ठेवले होते. ते पावसात एस.टी.ने आले. श्रोते ११ होते, त्यांत दोघे स्थानकावर गाडी चुकल्याने आत आलेले प्रवासी होते. दुसऱ्याच कवितेला वीज गेली. शेजारच्या वाण्याने कंदील आणून दिला, तो कवीने वहीशेजारी ठेवला आणि पाऊण तासाऐवजी दोन तास वाचन चालले. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की सगळे जण खुर्च्या सरकवत कवीच्या अगदी जवळ येऊन बसले. त्या प्रवाशांपैकी एकाने शेवटची गाडीही सोडली आणि रात्री आमच्याकडेच जेवून तो पडवीत झोपला. सकाळी जाताना त्याने संग्रहाची प्रत विकत घेतली. मी पैसे नको म्हणत होतो, त्याने ऐकले नाही.

मोगरा
शटर, तुमच्या पत्नीच्या बांगड्या सोडवल्या गेल्या का, हे विचारल्यावाचून राहवत नाही. क्षमा असावी.

शटर
मोगराताई, क्षमा कशासाठी? २०१८ मध्ये सोडवल्या. आता त्या सुनेच्या हातात आहेत.

मांडवी
पणजीत आझाद मैदानाजवळच्या दुकानात आम्ही शाळकरी मुली मराठी मासिके आणायला जात असू. घरात कोंकणी बोलायची, शाळेत मराठी आणि इंग्रजी वाचायचे, आजोबांची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये, अशी आमची अवस्था होती. त्या दुकानात या सगळ्या भाषा एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडलेल्या असत. भाषावाद ऐन भरात होता तेव्हाही तिथे मराठीचे आणि कोंकणीचे कट्टर पुरस्कर्ते एकाच बाकावर बसून वर्तमानपत्र वाचताना मी पाहिले आहेत. मालक दोघांनाही एकच प्रश्न विचारत, “च्या घेतलो मरे?”

तेवीस किलो
मी न्यू जर्सीत राहते. विमानात प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, त्यांतली एक मी गेली अठरा वर्षे पुस्तकांसाठी राखून ठेवते. पुण्यातल्या एका दुकानातले काका माझी यादी आधी मागवून घेतात, प्रत्येक पुस्तकाचे वजन वहीत लिहितात आणि २२ किलोवर थांबतात, कारण विमानतळावरचा काटा निराळा निघू शकतो असा त्यांचा अनुभव आहे. मागच्या खेपेस माझ्या लेकीने यादीत स्वतःच्या हाताने एक नाव देवनागरीत लिहिले होते. तिचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. काकांनी ते दुरुस्त केले नाही, वहीत तसेच उतरवून घेतले आणि पुस्तक मात्र बरोबर काढून दिले.

नवखा वाचक
महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव सुरू झाले, त्याचा अनुभव इथे लिहिला तर चालेल का? तिथे घराघरांत पुस्तके ठेवलेली आहेत, पण ती वाचायला असतात, विकायला नाहीत.

पारंबी
अवश्य लिहावे. उभ्याने किंवा बसून, फुकट वाचू देणारी प्रत्येक जागा या विषयात येते, असे मी बाबांच्या वतीने म्हणते.

नवखा वाचक
आभारी आहे. आम्ही एका घराच्या ओटीवर बसून वाचत होतो. घरातल्या आजींनी मुलांना स्ट्रॉबेरी दिल्या आणि बोटे पुसून मगच पान उलटायचे, असे बजावले. परत निघताना माझ्या मुलाचे पुस्तक अर्धे राहिले होते. घरी आल्यावर आम्ही ते तीन ठिकाणी शोधले, कुठेही मिळाले नाही. आवृत्ती संपली आहे, असे सांगतात. मुलगा अजून दर आठवड्याला विचारतो.

सुतळी
पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव कळवावे. शनिवारी मी चौकात जाणार आहे. मालक आता थकले आहेत, पण मागची खोली अजून तशीच आहे आणि वरच्या फळ्यांवर काय आहे ते त्यांच्याखेरीज कुणाला नीटसे ठाऊक नाही. तिथे नसेल तर शटर यांच्याकडे उरलेल्या मालात पाहायला सांगू.

शटर
माझ्याकडे माळ्यावर अजून सात पेट्या आहेत. बालवाङ्मय चौथ्या पेटीत आहे. आज संध्याकाळी उघडून पाहतो.