एका मुलाचे पालकत्व घ्यावे की वसतिगृहाला देणगी द्यावी?

ठाणेकर

सर्वांना नमस्कार. मी आणि माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालो. दरमहा तीन-साडेतीन हजार रुपये आम्हाला नियमितपणे बाजूला काढता येतील आणि ते बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी जावेत, अशी आमची इच्छा आहे.

मात्र पूर्वीचा एक अनुभव मनात सलतो आहे. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांना व्यासपीठावर रांगेत उभे केले होते. नाव पुकारले की मुलाने खाली उतरून आपल्या ‘शैक्षणिक पालकां’च्या पाया पडायचे होते. आमच्या वाट्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा गोंधळून शेजारच्या गृहस्थांच्या पाया पडला आणि कार्यकर्त्याने त्याला दंडाला धरून आमच्याकडे वळवले. पत्नीला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वर्षी आम्ही देणगी थांबवली, पण त्या मुलाचे पुढे काय झाले याची चौकशीही केली नाही, आणि आता त्याचेच अधिक वाईट वाटते.

म्हणून विचारतो : एकाच मुलाचा खर्च उचलावा की वसतिगृहाला सरसकट द्यावे? मुलाचे छायाचित्र, पत्र, प्रगतिपुस्तक मागणे योग्य आहे का? आणि अशा मदतीने मुलांचे आयुष्य खरोखर बदलते का?

शिरूर कासारचे गुरुजी

मी या तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षे शिकवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या गावात लागतात. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या जोडप्याला आमच्याकडे ‘कोयता’ म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसे. भरलेला वर्ग आठवड्याभरात अर्ध्याहून अधिक रिकामा झालेला मी दरवर्षी पाहिला. आई-वडील पहाटे फडात (उसाच्या शेतात) गेले की कोपीवरची, म्हणजे तिथल्या झोपडीतली, चूल, पाणी आणि तान्हे भावंड हे सारे थोरल्या मुलीकडे येते.

सहावीतील एक मुलगी अशीच एप्रिलमध्ये परतली. जाताना मी तिला गणिताचे पुस्तक सोबत दिले होते. पहिल्या काही धड्यांची पाने हाताळून मळलेली होती, पुढची कोरी करकरीत होती आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला तिने उसाच्या खेपांचा हिशेब तारीखवार मांडला होता, कारण घरात लिहिता येणारी ती एकटीच होती. तिला गणित येत नव्हते असे कोण म्हणेल?

शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत केले. खरी अडचण नववीत सुरू होते. हायस्कूल दुसऱ्या गावात असते, एसटीचा पास, वह्या, परीक्षेचे शुल्क असा खर्च वाढतो आणि त्याच वयात मुलगी मोठी दिसू लागते. तिला फडावर नेणे धोक्याचे वाटते, गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवणेही धोक्याचे वाटते, म्हणून आई-वडील तिचे लग्न उरकतात. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. त्यांना लेकीची माया नसते असे कृपया कोणी समजू नये. तिला सुरक्षित ठेवायला दुसरी जागाच त्यांच्यापाशी नसते. ती जागा म्हणजे वसतिगृहातील एक खाट, दोन वेळचे जेवण आणि रात्री हजेरी घेणारी एखादी ताई. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजनाही आहे; तरी गरज एवढी मोठी आहे की स्वयंसेवी संस्थांच्या वसतिगृहांवाचून भागत नाही.

माझे मत विचाराल तर पैसे वसतिगृहाला द्या, पण नववी ते बारावीच्या मुलींसाठी द्या आणि चार वर्षे खंड पडू देऊ नका. लहान मुलांसाठी देणगीदार लवकर पुढे येतात. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी फारसे कोणी येत नाही.

नाशिकचा अभियंता

ठाणेकर काका, मी अशाच मदतीवर शिकलो. आठवीत असताना वडील गेले. त्यानंतर सात वर्षे एका निवृत्त शिक्षिकेने माझा वसतिगृहाचा खर्च उचलला.

आम्हाला दर सहा महिन्यांनी देणगीदारांना पत्र लिहावे लागे. फळ्यावर मजकूर लिहिलेला असे, ‘आपल्या कृपेने आम्ही आनंदात आहोत’, आणि तो आम्ही उतरवून काढत असू. त्या बाईंनी पहिल्याच उत्तरात विचारले की, तुला कोणता विषय जड जातो? मी इंग्रजी असे कळवले, तर पुढच्या पत्रात माझ्याच पत्रातील तीन वाक्ये त्यांनी इंग्रजीत लिहून पाठवली. आमचा पत्रव्यवहार मग तसाच चालू राहिला. मी बारावीत एका विषयात नापास झालो, तेव्हा आता मदत थांबणार अशी भीती वाटून मी दोन महिने पत्र लिहिले नाही. त्यांनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना दूरध्वनी करून ऑक्टोबरच्या परीक्षेचे शुल्क भरले आणि मला एवढेच कळवले की, उत्तर लिहिण्याची घाई नाही.

म्हणून पत्र जरूर लिहा, पण पहिले पत्र तुम्ही लिहा आणि उत्तराची सक्ती नको. छायाचित्र मागू नका. पैसा कोणाच्या नावे द्यावा, याबाबत मी गुरुजींशी सहमत आहे. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाला पालक मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत, हे त्या दुसऱ्याला फार लागते. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या रोज वेगळ्या घरी, जेवत, तेव्हाही सोमवारच्या घरचे जेवण आणि गुरुवारच्या घरचे जेवण यांतला फरक त्याला सोसावा लागेच. याउलट साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ते सगळ्या मुलांच्या जेवणासाठी.

करसल्लागार, पुणे

मदतीने आयुष्य बदलते का, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला संशोधनाचा आधार आहे. वायडिक, ग्लुवे आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतील १०,१४४ व्यक्तींची पाहणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणी प्रायोजकत्व मिळालेल्यांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढले आणि मोठेपणी त्यांना नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. मुलांच्या आकांक्षा उंचावणे हे त्यामागचे एक कारण असावे, असे त्यांना दिसले. वरची इंग्रजी वाक्यांची हकिगत वाचताना मला तेच आठवले.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. देणगी बँकेतूनच द्या. दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेला आयकरातील देणगीची वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागून घ्या. मुलाची ओळख उघड होईल असे काही संस्था समाजमाध्यमांवर टाकत असेल, तर तिथे देऊ नका; काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख जाहीर करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. आणखी एक गोष्ट : आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. कागदपत्रांअभावी अनेकजण राहून जातात. तुम्ही दोघे निवृत्त आहात. एखाद्या आईला मृत्यूचा दाखला आणि बँकखाते मिळवून द्यायला मदत केलीत, तर तीही देणगीच ठरेल.

ठाणेकर

तिघांचेही मनापासून आभार. पत्नीने सगळी उत्तरे मोठ्याने वाचून घेतली. नववी ते बारावीच्या मुलींच्या वसतिगृहाला चार वर्षांची रक्कम द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. आधी तिथे जाऊन स्वयंपाकघर आणि खोल्या पाहू. गुरुजी, दिवाळीपूर्वी गाड्या लागायच्या आत आलो तर आई-वडिलांशीही बोलता येईल का? आणि त्या जुन्या संस्थेला आज पत्र टाकले आहे. तो मुलगा आता बहुधा नववीतच असेल.