जीपीए ३.१४, एमकॅट ५११: मेड स्कूलची यादी कशी करायची?

मृण्मयी_ओहायो:
नमस्कार मंडळी, लेकासाठी विचारतेय. त्याला मराठी वाचायला जमत नाही, पण इथे जे कळेल ते सगळं त्याला सांगणार आहे. ओहायोतच स्टेट युनिव्हर्सिटीत बायोलॉजी केलं, आत्ताच डिग्री झाली. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली, ऑरगॅनिकमध्ये सी, फिजिक्समध्ये सी प्लस, मग तिसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर आली आणि शेवटची दोन वर्षं ३.६ च्या आसपास राहिला, पण एकूण जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.१४ वरच अडकलाय आणि सायन्सचा तर २.९५. एमकॅट, म्हणजे मेड स्कूलची प्रवेश परीक्षा, त्यात ५११ आला (चार भाग: १२७, १२६, १२९, १२९). सध्या ईआरमध्ये (इमर्जन्सीत) स्क्राइब आहे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेतो, शनिवारी फ्री क्लिनिकमध्ये जातो. सिटिझन आहे, व्हिसाचा प्रश्न नाही.

कॉलेजचे ॲडव्हायझर म्हणाले हा नाद सोड. त्याच्या बाबांचं म्हणणं की सरळ पस्तीस-चाळीस ठिकाणी अर्ज टाकू, कुठेतरी लागेलच. नात्यातले एकजण कॅरिबियन बेटांवरच्या मेड स्कूलचं मनावर घ्या म्हणतात. त्याला डॉक्टरच व्हायचंय, त्यात तसूभर बदल नाही. कोणत्या शाळा निवडायच्या आणि कशावरून, प्लीज कुणी नीट सांगाल का?

शंतनू_के:
मृण्मयीताई, नाद सोडायची अजिबात गरज नाही, पण बाबांचं चाळीस अर्जांचं गणितही नको. दरवर्षी एमडीला (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच डिग्री, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) पन्नास हजारांवर मुलं अर्ज करतात आणि जागा साधारण तेवीस हजार, ॲडमिशन मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या पुढे गेलाय. एमकॅटची त्यांची सरासरी मात्र ५११-५१२ च आहे, म्हणजे त्या बाबतीत मुलगा बरोबरीचा आहे, परत देऊन कमी आला तर उगाच नुकसान, त्याला हात लावू नका.

जीपीएबद्दल एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. एएमसीएएस (एमडीचे अर्ज घेणारी केंद्रीय सेवा) तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरून सगळं स्वतः मोजतं आणि शाळेला वर्षवार तक्ता जातो, पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, त्यात सायन्सचा रकाना वेगळा, आणि डिग्रीनंतरच्या पोस्ट-बॅक कोर्सेसची ओळही वेगळी. म्हणजे पोरगा सुधारलाय हे त्यांना पत्रात लिहून सांगावं लागत नाही, तक्त्यात दिसतं. फक्त सी आलेला कोर्स परत केला तर जुना सी पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. डीओवाले (ऑस्टिओपॅथिक शाळा, डॉक्टर व्हायची एमडीशिवायची दुसरी डिग्री) पूर्वी नवीन ग्रेडच धरायचे, ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली.

आता हे बघा. समजा त्याचे १२४ क्रेडिट झालेत. आणखी ३० क्रेडिट सगळे ए मिळवून केले तरी एकूण ३.१४ चं ३.३१ होतं, एवढंच. पण सायन्सचे समजा ६० क्रेडिट असतील तर तेच ३० क्रेडिट २.९५ ला ३.३० वर नेतात! म्हणून कोर्स घ्यायचे ते बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, इम्युनॉलॉजी, सेल बायोलॉजी असे वरच्या लेव्हलचे. सायकॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थमधला ए चांगलाच, पण सायन्सचा आकडा त्याने हलत नाही.

यादीचं म्हणाल तर पहिला निकष रँकिंग नाही, तुम्ही कुठे राहता तो. सरकारी शाळा आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, काही तर दुसरं कुणी घेतच नाहीत, उदाहरणार्थ मिसिसिपी, किंवा नॉर्थ कॅरोलिनातली ब्रॉडी. टेक्ससमध्येही सरकारी शाळांत बाहेरच्यांना जेमतेम दहा टक्के जागा. तिथे पैसे घालवू नका. उलट ओहायोत तुमचं नशीब चांगलं आहे, टोलेडो, राइट स्टेट, निओमेड ही तीन नावं यादीत सर्वात वर, मग सिनसिनाटी. ओहायो स्टेट हवं तर एक मोठी उडी म्हणून टाका.

बाहेरच्या प्रत्येक शाळेसाठी एमएसएआरचं (एमडी शाळांची माहिती देणारी ऑनलाइन सूची) सबस्क्रिप्शन घेऊन दोन आकडे बघायचे, जीपीएचा दहावा पर्सेंटाइल, म्हणजे घेतलेल्या मुलांपैकी तळाचे दहा टक्के ज्याच्या खाली असतात तो आकडा (मीडियन, म्हणजे मधला आकडा, बघून उपयोग नाही, तिथे तो बसणारच नाही) आणि राज्याबाहेरच्या किती मुलांना इंटरव्ह्यू दिला. जॉर्ज वॉशिंग्टन, जॉर्जटाउन, ड्रेक्सेल अशा ठिकाणी दहा हजारांवर अर्ज येतात, नावं ओळखीची म्हणून सगळे तिकडेच धावतात. त्यातली एखादी ठेवा, सगळ्या नकोत. पहिल्या शाळेचे १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकीचे पंचेचाळीसच्या वर, शिवाय सेकंडरीची (प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या दुसऱ्या अर्जाची) फी प्रत्येकाची वेगळी, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे चाळीस शाळांचे सेकंडरी निबंध दोन आठवड्यांत परत करताना ते सगळे एकसारखेच होतात.

डॉ_अनघा:
मी स्वतः डीओ आहे, फॅमिली मेडिसिन करते, म्हणून राहवलं नाही. आपल्या लोकांत अजून "एमडी नाही मिळालं का?" असं विचारतात, त्याचा त्रास मुलांना होतो, प्लीज घरात तरी कुणी विचारू नका. डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण प्रॅक्टिसचा अधिकार आहे आणि २०२० पासून रेसिडेन्सीही (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) एमडींबरोबर एकाच व्यवस्थेत आहे. काही स्पेशॅलिटीज डीओला जास्त अवघड जातात, सर्जरीच्या काही शाखा, डर्मेटॉलॉजी, हेही खरं, त्याला आधीच सांगा.

डीओला ॲडमिशन मिळणाऱ्यांचा जीपीए साधारण ३.६ आणि एमकॅट ५०४ च्या आसपास असतो. ५११ तिथे उठून दिसतो. ओहायो युनिव्हर्सिटीचं हेरिटेज कॉलेज पहिलं, त्यांचे अथेन्स, डब्लिन आणि क्लीव्हलँडला कॅम्पस आहेत आणि ओहायोच्या मुलांना प्राधान्य देतात. मग लेकॉम, मिशिगन स्टेट, इंडियानापोलिसची मेरियन, केंटकीतलं पाइकविल, वेस्ट व्हर्जिनियाचं ऑस्टिओपॅथिक. पण एखाद्या डीओ डॉक्टरबरोबर शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून काम बघणं, आत्ताच सुरू करू दे, बऱ्याच शाळांना त्यांचं शिफारसपत्र लागतं किंवा निदान आवडतं. इंटरव्ह्यूत "डीओ का?" विचारतातच, तेव्हा पाहिलेल्या पेशंटबद्दल बोलता आलं पाहिजे.

मृण्मयी_ओहायो:
अनघाताई, शंतनू, किती मनापासून लिहिलंत! दोन शंका. पोस्ट-बॅकऐवजी सरळ मास्टर्स केलं तर? आणि कॅरिबियनचं काय?

शंतनू_के:
मास्टर्सचे मार्क्स ग्रॅज्युएट म्हणून वेगळ्या ओळीत जातात, ३.१४ चं ३.१४ च राहतं. स्पेशल मास्टर्स प्रोग्राम म्हणतात तसल्या कोर्समध्ये मेड स्कूलचेच विषय असतात, तिथे चमकला तर त्या शाळेत वजन पडतं, पण खर्च भरपूर आणि तिथे बी आले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. त्याचा सायन्स ३ च्या खाली आहे, म्हणून आधी पोस्ट-बॅक.

सुहास_देशस्थ:
कॅरिबियनबद्दल मी लिहितो, पुतण्याच्या निमित्ताने खूप वाचलंय. २०२४ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागांच्या देशभरातल्या वाटपात) इथल्या एमडीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्के, डीओंपैकी ९२.३ टक्के आणि बाहेर शिकलेल्या अमेरिकन सिटिझन्सपैकी ६७ टक्के मुलांना जागा मिळाली. आणि त्या ६७ टक्क्यांत मध्येच गळालेली मुलं धरलेलीच नाहीत, मॅचपर्यंत पोचलेल्यांचाच तो हिशोब आहे. शाळेचा प्रतिनिधी फोनवर मॅच रेट सांगतो तेव्हा त्याला विचारायचं की पहिल्या सेमिस्टरला किती जण होते आणि वेळेत किती जणांनी डिग्री घेतली. ते लेखी देत नसतील तर विषय संपला. तुमच्या मुलाने डीओचा एक पूर्ण प्रयत्न न करता तिकडे बघूही नये असं माझं ठाम मत आहे.

मृण्मयी_ओहायो:
म्हणजे आधी पोस्ट-बॅक, या जूनमध्ये अर्ज नकोच?

डॉ_अनघा:
या जूनमध्ये केला तर तक्त्यात पोस्ट-बॅकची ओळ कोरीच जाईल. पुढच्या जूनपर्यंत त्यात दोन सेमिस्टर भरलेली असतील, स्क्राइबचे तासही वाढतील. अर्ज मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यातच सबमिट करा, व्हेरिफिकेशनला (ग्रेड पडताळायला) नंतर आठवडेच्या आठवडे लागतात आणि बऱ्याच शाळा आलेले अर्ज जसजसे वाचतात तसतशा जागा भरत जातात. नोकरीचे तास सेमिस्टरमध्ये कमी करायला सांगा, ए आलेच पाहिजेत. आणि जमलं तर कोर्स चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतच घेऊ दे, शाळांची नावं ठरली की इथे टाका, मी बघते.