धागा: मालिका-गेमचा शेवटचा भाग तुम्ही कसा खेळलात?

खारीबटर:
काल माळा आवरताना एक दोनशे पानी वही हाताला लागली. मागच्या पानावर ताईचं अक्षर: '४ संपला. मेला!!! ५ माझ्याशिवाय खेळलास तर याद राख.' स्टुलावरच बसलो.

२००९. टेल्स ऑफ मंकी आयलंड, चाच्यांचा कॉम्प्युटर गेम. एकूण पाच भाग, जुलैपासून दर महिना-दीड महिन्याला एक यायचा. आमच्याकडे रात्री दोन ते सकाळी आठ नेट फुकट, म्हणून गजर लावून उठायचं आणि डाउनलोड लावून परत झोपायचं. माउस माझा, डोकं तिचं. चौथा भाग आला ३० ऑक्टोबरला, ऐन तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत. त्याच्या शेवटी खलनायक लेचक आपल्या हिरोला, गायब्रशला, चक्क मारूनच टाकतो. विनोदी गेम म्हणे! नोव्हेंबरात ताईचं लग्न झालं. पाचवा आला ८ डिसेंबरला, तोवर ती नाशकात सासरी. संक्रांतीला ती आली की बसायचं असं ठरलेलं.

मी ९ तारखेला पहाटे सुरू केला. दोन रात्रींत खलास.

संक्रांतीला ताई आली, हलव्याचे दागिने उतरवले न उतरवले तोच 'लाव' म्हणाली. मी नव्याने सुरू केला. गायब्रश स्वतःच्याच थडग्यातून वर येतो तेव्हा 'अरे बापरे' जरा जास्तच जोरात म्हणालो. पण हात ऐकतात का! नावाड्याशी बोलायच्या आधीच माझा माउस नाण्याच्या शोधात. 'तुला काय माहीत नाणं लागणार?' 'अगं, मेल्यावर नावाडी असला की पैसे घेणारच ना.' गप्प बसली. खरा घोळ शेवटी झाला. नावांच्या पाट्या सुरू झाल्या आणि मी जागचा हललो नाही, कारण त्यानंतर एक सीन आहे हे मला ठाऊक. ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली, 'सिनेमात पाट्या लागल्या की पळतोस. आज बरा बसलायस.'

तुमचेही असे शेवटचे भाग असतील तर लिहा. मंकी आयलंडच पाहिजे असं नाही.

डबल_बेल:
पाट्यांवरून जखम उघडलीस बाबा. मी तो पळणारा.
सॅम अँड मॅक्स, तिसरा सीझन, पाचवा भाग. ३० ऑगस्ट २०१०ला आला, मी गणपतीच्या सुट्टीत खेळलो. मॅक्स म्हणजे तो बिनडोक ससा, त्याचा अवाढव्य राक्षस होतो आणि त्याचा जोडीदार सॅम त्याच्या पोटात शिरतो. हसून हसून पुरेवाट. आणि मग मॅक्स मरतो. सॅम एकटा शहरातून चालतोय, बाजूला नावं सरकतायत. मला बघवेना, बंद केला गेम. आई म्हणाली मोदक घे, म्हटलं नको.
२०२४मध्ये नवी रंगरंगोटी केलेली आवृत्ती आली. बायको शेजारी होती म्हणून यावेळी बंद केला नाही. नावं संपता संपता लिफ्टमधून दुसरा मॅक्स बाहेर येतो!! दुसऱ्या काळातला, ज्याचा सॅम मेलाय. चौदा वर्षं मी त्या सशाचं सुतक पाळलं, बोला.

पेठकर:
अहो स्पॉइलर!! आता कुठे विकत घेतलाय मी.

डबल_बेल:
२०१०चा आहे हो काका. रामायणात सीता परत मिळते हेही सांगायचं नाही का?

सांजवात:
मी गेम खेळत नाही, पण नावाड्यावरून आठवलं. माझा भाऊ तो मंकी आयलंड खेळत असताना आजी मागे जप करत बसलेली. विचारते, हा कुठे चाललाय? भाऊ म्हणाला, मेलाय, नदी ओलांडायचीय. आजी म्हणाली, वैतरणी आहे ती, गाय दान केली होती का त्याने? भाऊ म्हणाला, नावच गायब्रश आहे. आजीचं समाधान झालं. 'मग तरेल.'
कुकरची शिट्टी झाली, पळते.

अर्धवट:
😂😂 मग तरेल

नागपुरी_संत्रं:
किंग्ज क्वेस्ट कोनी खेळलं का? २०१५ वालं. म्हातारा राजा नातीला आपले पराक्रम सांगून राहिला, चार भाग नुसते कोट्या. पाचव्यात त्याला आठवतच नाही ना बे. गोष्ट सांगता सांगता अडकते. माझे आबाही तसेच, विहिरीत पडलेल्या बैलाची एकच गोष्ट, शेवटी शेवटी बैल कधी निघे कधी नाही निघे. आम्ही म्हणायचो आबा काल तर निघाला होता. आता नसतो म्हटलं तसं.
त्यानंतरचा छोटासा उपसंहार फक्त सगळे भाग एकदम घेणाऱ्यांना होता. मी सुटे घेतले होते. फसलो.

सांजवात:
आबांचं वाचून गलबलले. आम्हीही दुरुस्त करायचो.

पेठकर:
खारीबटर, तो जुना गेम आता विंडोज ११वर चालतो का? आणि ती वही फेकू नका.

खारीबटर:
वही ठेवलीय. पेठकर, अजून लावून नाही बघितला, रविवारी बघतो.
काल रात्री ताईला फोन केला. म्हटलं, तुला कळलं होतं तर तेव्हाच का नाही बोललीस? तिला गेमचं काही म्हणजे काही आठवत नाही! लेचक कोण, विचारते. आठवतं काय, तर त्या दिवशी आईची गुळपोळी फुटून तव्यावर गूळ जळला आणि घरभर धूर झाला. तो जळका वास मला आजिबात आठवत नाहीये. आम्ही दोघं त्याच घरात होतो ना?

अर्धवट:
गुळपोळी फुटू नये म्हणून गुळात थोडं भाजलेलं बेसन घालतात ना?

सांजवात:
हो, आणि गूळ कणकेपेक्षा मऊ नको. सविस्तर संध्याकाळी लिहिते.

डबल_बेल:
पेठकर काका, तुम्ही नावं संपेपर्यंत उठू नका फक्त.