रिप्लेस मारलं तं अक्षराअक्षरात "मु." घुसलं, काहून?

पराटी_कोडर
राजेहो, इकडच्या एका जिनिंगसाठी कापसाच्या वजनाचे मेसेज पाठवाची स्क्रिप्ट लिवली मी, जावास्क्रिप्टमधी. एक्सेलमधी दोन कॉलम हायेत, काय शोधाचं न त्याच्या जागी काय टाकाचं, कारण गावाचं नाव लोकं कसंबी लिवते. त्याच्यावर रिप्लेसऑल फिरवतो. काल "वणी"चं "मु.वमु.णमु.ीमु." झालं, मेसेजभर तेच. अन् ज्याचं नाव भरलंच नाही, नल (null, म्हंजे काहीच किंमत नाही) हाय, त्याले "नमस्कार नल भाऊ" गेलं, एक काका फोन करून इचारते, दमयंती कुठी हाय म्हणे!

रिकामा_रकाना
शेवटची ओळ पाय बे, शोधाचा रकाना खाली असन न बाजूले "मु." असन. रिकामी स्ट्रिंग (एकबी अक्षर नसलेला मजकूर) शोधली का ते सुरुवातीले, शेवटी न दर दोन अक्षराच्या मधात सापडतेच, पायथन जावातबी हेच होते. अन् काना-वेलांटी कॉम्प्युटरले वेगळं अक्षर वाटते म्हणून वणीची वेलांटी तुटली. सी शार्पवाले बरे, तिथं शोधाची स्ट्रिंग रिकामी दिली तं सरळ एरर येते, काम तिथंच थांबते. तू लूपमधी पयले ट्रिम कर (कडेच्या स्पेस काढ) न रिकामं निघालं तं ती ओळ सोडून दे, ट्रिम यासाठी का लोकं स्पेस दाबून ठेवते न सेल खाली दिसते.

पराटी_कोडर
हो भाऊ, शोधाची सेल खालीच निघाली! नलचं काय करू?

सालेकसा_लोकल
बदली म्हणून नल दिला तं जावास्क्रिप्ट त्याचा शब्द करून चिकटवते, एरर देतच नाही. नावासाठी नल असला तं आधी रिकामी स्ट्रिंग कर, मग ट्रिम, मग दोन उभ्या दांड्या (||) टाकून "शेतकरी", म्हंजे नाव रिकामं असन तं "शेतकरी" जाईन. पण वजनाले त्या दांड्या लावू नको, 0 आला तं तोही रिकामा धरते, तिथं दोन प्रश्नचिन्हं (??) टाक, ते 0 तसाच ठेवते. अन् हेच काम मायएसक्यूएल डेटाबेसच्या रिप्लेसमधी करशील तं उलटं, एकबी नल घुसला का पूर्ण उत्तरच नल, मेसेजच गायब, म्हणून तिथं कोअलेस (COALESCE) लाव, ते नलच्या जागी दुसरी किंमत देते.

पराटी_कोडर
जमलं. पण देवनागरी मेसेज 70 अक्षराचा, त्या "मु."पायी एकाएकाचे चार-पाच मेसेज कटले, बॅलन्स संपला न मालक मलेच इचारून रायला.